ऑनर्समध्ये टिकायचं तर दोन क्रेडिटचे पेपर आधी सांभाळा

पाचव्या सेमिस्टरचा निकाल लागला की टीवायची, म्हणजे तिसऱ्या वर्षाची, मुलं मोबाईलवर मार्कशीट उघडून स्टाफरूमच्या दाराशी येतात आणि सगळ्यांचा प्रश्न जवळपास एकच असतो, मॅम मेजरला ए प्लस आहे, प्रॅक्टिकलला ओ आहे, तरी सीजीपीए सात पॉइंट दोनच कसा, आणि आता मला रिसर्च ऑनर्स मिळणार की नाही? (मेजर म्हणजे मुख्य विषय, ओ हा सगळ्यात वरचा ग्रेड, सीजीपीए म्हणजे आतापर्यंतच्या सगळ्या सेमिस्टरची मिळून दहापैकी सरासरी, आणि रिसर्च ऑनर्स म्हणजे चौथ्या वर्षी संशोधन करून मिळणारी डिग्री.) मी त्यांना जुन्या मार्कशीटा पण काढायला लावते, अगदी एफवायच्या, म्हणजे पहिल्या वर्षाच्या. उत्तर बहुतेक वेळा तिथेच असतं, आणि तेही अशा विषयांत की ज्यांची नावंसुद्धा मुलांना पटकन आठवत नाहीत.

मी मुंबईतल्या एका स्वायत्त कॉलेजात बॉटनी शिकवते. नवीन शैक्षणिक धोरण आपल्याकडे स्वायत्त कॉलेजांत २०२३-२४ ला आलं, बाकीच्या संलग्न कॉलेजांत २०२४-२५ ला. म्हणजे २०२३ ला एफवायला बसलेली जी मुलं आहेत ती २०२६-२७ ला चौथ्या वर्षात जाणारी आपल्याकडची पहिली बॅच, त्यांच्या आधी कोणी सिनिअरच नाही की ज्याला विचारावं. म्हणून हे सगळं एकदा सविस्तर लिहितेय, मुलांसाठी पण आणि त्यांच्या आईवडिलांसाठी पण.

आधी नियम थोडक्यात सांगते. प्रत्येक पेपरला ठरावीक क्रेडिट असतात, ते त्या पेपरचं वजन समजा. तीन वर्षं केलीत आणि १२० ते १३२ क्रेडिट झाले की डिग्री मिळते, बाहेर पडू शकता. चौथं वर्ष केलंत आणि १६० ते १७६ क्रेडिट झाले की ऑनर्स. आणि यात दोन वाटा आहेत, एक साधं ऑनर्स, जिथे चौथ्या वर्षी जास्तीचे कोर्सेस करायचे, आणि दुसरं ऑनर्स विथ रिसर्च, जिथे १२ क्रेडिटचा रिसर्च प्रोजेक्ट असतो. रिसर्चवाल्या वाटेला यूजीसीची, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची, अट आहे की पहिल्या सहा सेमिस्टरमध्ये मिळून ७५ टक्के किंवा त्याहून जास्त हवेत. सहा सेमिस्टरमध्ये मिळून, हे मी मुलांना दहादा सांगते. टीवायला जोर लावू, शेवटच्या वर्षाचेच मार्क बघतात, हे जे जुन्या पद्धतीतलं आपल्या डोक्यात बसलंय, घरचे पण तेच सांगतात, दादा-ताई पण तेच सांगतात, ते इथे चालत नाही. एफवायच्या पहिल्या दिवसापासूनचं सगळं त्यात धरलंय.

आता हिशोब बघा, मला हा भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. आपल्या महाराष्ट्राच्या रचनेत पहिल्या सेमिस्टरला साधारण २२ क्रेडिट असतात आणि त्यात मेजरचे असतात फक्त सहा. बाकीचे सोळा कुठे जातात? ओपन इलेक्टिव्ह म्हणजे मेजरबाहेरचे आपण निवडायचे विषय चार, व्होकेशनल आणि स्किल मिळून चार, भाषेचा दोन, व्हॅल्यू एज्युकेशनचा दोन, आयकेएस म्हणजे भारतीय ज्ञानप्रणालीचा दोन, आणि को-करिक्युलरचे दोन. मुलगा किंवा मुलगी बॉटनी घेऊन आलेली असते, किंवा फिजिक्स, किंवा इकॉनॉमिक्स, आणि तिला वाटतं आपला विषय म्हणजे मेजर, बाकी सगळं भरती. तर समजा तिने मेजरला ए प्लस काढला, म्हणजे ९ पॉइंट, सहा क्रेडिटचे झाले ५४. आणि बाकीच्या सोळा क्रेडिटला सरासरी बी, म्हणजे ६, झाले ९६. बेरीज १५०, भागिले २२, उत्तर ६.८२. विषयात वर्गात पहिली आणि एसजीपीए, म्हणजे त्या एका सेमिस्टरची सरासरी, पावणेसातच्या जरा वर! तीच मुलगी जर त्या सोळा क्रेडिटला ए काढते, म्हणजे ८, तर १२८ अधिक ५४ म्हणजे १८२, भागिले २२ केलं की ८.२७. मेजर तेवढाच, अभ्यासातली हुशारी तेवढीच, फक्त ज्या पेपरांना कोणी पेपर समजत नाही ते नीट दिले, एवढाच फरक.

दुसऱ्या सेमिस्टरलाही चित्र फार वेगळं नसतं, मायनर म्हणजे दुय्यम विषय सुरू होतो आणि आयकेएस जातो, मेजर सहाच्या आसपासच. पुढे टीवायपर्यंत मेजरचे क्रेडिट वाढत जातात हे खरं आहे, आणि मुलं त्याच भरवशावर असतात. पण तोवर किती उशीर झालेला असतो ते पण बघा. ७५ टक्क्यांना ढोबळमानाने ७.५ धरू, कॉलेजात सगळे तसंच धरून चालतात (तुमच्या कॉलेजात टक्के आणि सीजीपीए यांची सांगड नेमकी कशी घालतात ते परीक्षा विभागाकडून एकदा लेखी घ्या, तोंडी नको). प्रत्येक सेमिस्टरचे क्रेडिट सारखे धरले तर एफवायला दोन्ही वेळा ६.८ आले असतील तर उरलेल्या चार सेमिस्टरला सरासरी ७.८५ लागतात, हे जमण्यासारखं आहे. एसवाय, म्हणजे दुसरं वर्ष, संपेपर्यंत सरासरी ७ असेल तर टीवायच्या दोन्ही सेमिस्टरला ८.५. आणि पाच सेमिस्टरनंतर ७.२ वर असाल, जशी ती दाराशी उभी असलेली मुलं असतात, तर सहाव्याला पूर्ण ९ पाहिजेत. म्हणजे प्रत्येक विषयाला सरासरी ए प्लस. अशक्य म्हणणार नाही मी, पण त्या सेमिस्टरला ऑन जॉब ट्रेनिंग असतं, बाहेर जायचं असतं, आणि त्या धावपळीत एकदम ९ काढणं किती जणांना झेपणार!

म्हणून मला खरंच मनापासून वाटतं की हे गणित एफवायच्या ओरिएंटेशनला फळ्यावर करून दाखवायला पाहिजे. बऱ्याच ठिकाणी काय होतं, ओरिएंटेशनला सगळे शॉर्टफॉर्म एका स्लाईडवर येतात, ओई, व्हीएससी, एसईसी, एईसी, व्हीईसी, म्हणजे वर सांगितलेलेच ओपन इलेक्टिव्ह, व्होकेशनल, स्किल, भाषा आणि व्हॅल्यू एज्युकेशन, आणि मुलं फोटो काढून घेतात आणि तो फोटो परत कधी उघडत नाहीत. आईवडील मागच्या रांगेत बसलेले असतात, त्यांना फी आणि आयडी कार्डाशिवाय काही कळलेलं नसतं, दोष त्यांचा नाही. सतरा-अठरा वर्षांच्या पोराला जर कोणी सांगितलंच नाही की तुझ्या चौथ्या वर्षाचा दरवाजा आत्ता, या जुलैमध्ये, या दोन क्रेडिटच्या पेपरात थोडा थोडा बंद होतोय, तर त्याने ते समजायचं कसं?

आणि हे छोटे पेपर अवघड नसतात. अवघड नसतात म्हणूनच जातात खरं तर. इंटर्नलची तारीख लक्षात नसते, असाईनमेंट आदल्या रात्री मित्राच्या व्हॉट्सॲपवरून उतरवलेली असते, प्रेझेंटेशनच्या दिवशी ग्रुपमधले दोघंच आलेले असतात. भाषेच्या पेपरला तर मराठी मीडियमची मुलं सुद्धा गाफील राहतात, मराठीच तर आहे त्यात काय, आणि मग निबंध दीड पानात संपवतात. एक दोन क्रेडिटचा पेपर ९ वरून ५ वर आला तर त्या सेमिस्टरचा एसजीपीए ०.३६ ने खाली येतो. असे दोन झाले की पाऊण पॉइंट गेलाच म्हणून समजा. नापास झालात तर एफ, म्हणजे शून्य पॉइंट, आणि केटी, म्हणजे राहिलेला पेपर, सुटेपर्यंत ते क्रेडिट जमाच होत नाहीत. पुढच्या सेमिस्टरचा अभ्यास, मागची केटी, आणि हॉलतिकिटासाठी रांग, असं सगळं एकदम अंगावर येतं.

ओपन इलेक्टिव्ह निवडताना पण जरा विचार करा. मैत्रीण घेतेय म्हणून घेतला, किंवा लेक्चर दुपारी साडेबाराला संपतं म्हणून घेतला, असं सर्रास चालतं. माझं म्हणणं एवढंच आहे की ज्यात तुम्हाला थोडा तरी रस आहे तो घ्या, कारण आठ-आठ क्रेडिट तुम्ही वर्षभरात त्यावर लावणार आहात. सरकारच्या स्वयम पोर्टलवरचे ऑनलाइन कोर्सेस पण क्रेडिटसाठी घेता येतात, यूजीसीने एका सेमिस्टरच्या कोर्सेसपैकी ४० टक्क्यांपर्यंत मुभा दिलेली आहे, पण तुमचं कॉलेज कुठला कोर्स कशाच्या बदल्यात धरतं ते आधी विचारूनच रजिस्टर करा, आणि त्याची परीक्षा वेगळी असते, सेंटरवर जाऊन द्यायची असते, तिचा अर्ज वेगळा भरायचा असतो हे विसरू नका.

आता वेळेचं बोलू, कारण मुंबईत सगळं शेवटी तिथेच येऊन अडतं. माझ्या वर्गातली निम्म्याहून जास्त मुलं कसारा, कर्जत, विरार नाहीतर पनवेल लाईनची. सकाळचं पहिलं लेक्चर सातला, सव्वासातला. ७५ टक्के हजेरीची अट विद्यापीठाची आहेच आणि सेमिस्टरच्या मधे हजेरी कमी असलेल्यांची डिफॉल्टर लिस्ट लागते तेव्हा त्यात नाव कोणाचं असतं? नापास होणाऱ्यांचं असतंच, पण त्यांच्याबरोबर आसनगाव-टिटवाळ्याच्या मुलींचं पण असतं, ज्यांची लोकल जुलैमध्ये कुर्ला-सायनला पाणी भरलं की तासभर जागची हलत नाही. त्यांना मी एक सांगते, ज्या दिवशी गाडी अडकली त्या दिवशीच त्या विषयाच्या शिक्षकांना मेसेज टाका आणि दुसऱ्या दिवशी मेंटॉरकडे लेखी द्या. महिनाअखेरीला सगळं एकदम सांगायला आलात तर कोणाच्या हातात काही राहत नाही. आणि घरातल्यांना पण सांगावंसं वाटतं की पोरगी चार तास प्रवास करून येते, आल्या आल्या तिला पाण्यापासून भांड्यांपर्यंत सगळं करायला लावू नका. ऑनर्स करायचं म्हणजे रोजचे दोन तास तरी तिचे स्वतःचे पाहिजेत. घरात जागा नसेल तर जवळपास अभ्यासिका बघा, मंडळांच्या असतात, नगरसेवकांनी काढलेल्या असतात, काही अगदी कमी पैशात बसू देतात, दादरला सार्वजनिक वाचनालयाची वगैरे सोय आहे.

अशीच लांबून येणारी एक विद्यार्थिनी आहे, नाव लिहीत नाही, तिला आवडणार नाही. तिने टीवायच्या फील्ड प्रोजेक्टला तिवराची पानं घेतली. तिवर म्हणजे आपल्या खाडीकाठचं ते राखाडी-हिरवं झाड, ज्याच्या पानावर मीठ येतं, उन्हात नीट बघितलं तर खडे चमकतात. कांदळवनातून काही घ्यायचं तर परवानगी लागते, त्यासाठी तिने कांदळवन कक्षाला अर्ज लिहिला, त्यातली भाषा तीनदा सुधारून आणली. मग पानातलं क्लोरोफिल मोजायचं होतं. पान ८० टक्के ॲसिटोनमध्ये खलायचं, गाळायचं, आणि ६४५ आणि ६६३ नॅनोमीटरच्या प्रकाशात तो किती शोषला जातो याचं रीडिंग घ्यायचं. ऐकायला सोपं आहे. पण ॲसिटोन उडून जातं आणि क्लोरोफिल उजेडात खराब होतं, त्यामुळे टेस्टट्यूबला फॉईल गुंडाळायची, तोंड झाकायचं, लॅबचे पडदे ओढायचे, आणि क्युव्हेट, म्हणजे रीडिंगसाठी द्रव भरायची छोटी पारदर्शक नळी, प्रत्येक वेळी पुसायचं, बोटाचा ठसा राहिला तरी आकडा बदलतो. तिची तीन रीडिंग एकमेकांशी जुळेनात. दोन जवळ जवळ, तिसरं लांब. बाकीच्या ग्रुपमधल्या मुलांनी तिला सांगितलं की अगं सरासरी काढ आणि मोकळी हो. तिने नाही काढली. ती मला म्हणाली, "मॅम, तिसरं पान मी कालच्या पिशवीतलं घेतलं होतं, बाकीची दोन आजची आहेत, म्हणून असेल का?" आणि पुढच्या आठवड्यात ताजी पानं आणून सगळं पहिल्यापासून केलं.

मी त्या क्षणी तिच्याकडे बघून मनात म्हटलं की ही रिसर्चला टिकेल. पाठांतर कितीही असलं तरी न जुळणाऱ्या आकड्याचा राग न येता त्याच्या मागे जायची तयारी पाहिजे, ती मार्कशीटवर दिसत नाही. पण तिची दुसरी गोष्ट पण सांगायला हवी, नाहीतर हे अर्धवट होईल. तिच्या पर्समध्ये एक छोटी वही असते, त्यात प्रत्येक विषयाच्या इंटर्नलच्या तारखा, सबमिशनच्या तारखा, कोणाला काय ईमेल करायचं ते सगळं. व्हॅल्यू एज्युकेशनच्या दोन क्रेडिटच्या असाईनमेंटची तारीख त्याच पानावर, जिथे क्लोरोफिलची रीडिंग आहेत. दोन्हीला एकच मान. तिचा सीजीपीए साडेसातच्या वर आहे तो यामुळे.

तर आता चौथ्या वर्षात शिरल्यावर काय लागेल त्याबद्दल. पहिली गोष्ट, ऑनर्स विथ रिसर्च सगळ्या कॉलेजांत नसतं. त्या विभागात पीएचडीचे मान्यताप्राप्त गाईड असावे लागतात. तुमच्या कॉलेजात तुमच्या विषयाला ती सोय आहे का हे टीवायच्या सुरुवातीलाच विचारा, नसेल तर दुसऱ्या कॉलेजात किंवा विद्यापीठाच्या विभागात जावं लागेल, आणि तिथे जागा मोजक्याच असणार. क्रेडिट एका ठिकाणाहून दुसरीकडे न्यायचे तर ॲकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्सचं खातं पाहिजे, ते डिजिलॉकरमधून उघडता येतं. त्यात आधारवरचं नाव आणि कॉलेजच्या रेकॉर्डवरचं नाव जुळलं पाहिजे. आपल्याकडे मार्कशीटवर आडनाव आधी आणि आईचं नाव शेवटी असतं, आधारवर वेगळंच काहीतरी असतं, मग अडकतं. हे काम एफवायलाच करून टाका, चौथ्या वर्षाच्या ॲडमिशनच्या आठवड्यात करायला गेलात तर रडकुंडीला याल.

दुसरी गोष्ट, विषय छोटा घ्या. मुलं येतात ती मुंबईतल्या सगळ्या कांदळवनांचा अभ्यास घेऊन, किंवा औषधी वनस्पती आणि कॅन्सर असं काहीतरी. एका वर्षात, त्यात दोन परीक्षा, गणपती, दिवाळी, एवढ्यात एक झाड, एक खाडी, दोन ऋतू एवढं झालं तरी पुष्कळ. हर्बेरियम, म्हणजे दाबून वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह, करायचं असेल तर पावसाळ्याचा विचार करा. मुंबईच्या जुलै-ऑगस्टमध्ये प्रेसमधले वर्तमानपत्राचे कागद रोजच्या रोज बदलले नाहीत तर चार दिवसांत पानांवर बुरशी चढते, आणि रविवारी लॅब बंद म्हणून कोणी आलं नाही तर सोमवारी सगळं फेकायचं. म्हणून आम्ही मुलांना प्रेस घरी न्यायला देतो. घरात दहा बाय दहाच्या खोलीत तो प्रेस कुठे ठेवायचा हा प्रश्न असतोच, तरी मुलं पलंगाखाली ठेवतात आणि आजी-आजोबा वर्तमानपत्रं जमवून देतात, हे बघून मला फार बरं वाटतं. आणि बॉटनीवाल्यांनी झेवियर्समधलं ब्लॅटर हर्बेरियम एकदा तरी परवानगी घेऊन बघाच, १९०६ पासूनचं आहे, शंभर वर्षांपूर्वी दाबलेलं रोप आणि त्याच्या बाजूला सुबक अक्षरात लिहिलेलं ठिकाण आणि तारीख बघितली की लेबल नीट लिहायचं म्हणजे काय ते वेगळं समजवावं लागत नाही.

तिसरी गोष्ट वाचन. पूर्वी पेपर मिळायचे नाहीत ही खरी अडचण होती, आता ती पुष्कळ कमी झालीय. शोधगंगावर प्रबंध फुकट वाचता येतात, आणि १ जानेवारी २०२५ पासून वन नेशन वन सबस्क्रिप्शन सुरू झालंय, त्यात सरकारी संस्था आणि विद्यापीठांना मोठ्या प्रकाशकांची जर्नल्स खुली झालीत. तुमचं कॉलेज त्यात येतं का ते लायब्ररीयनला विचारा, नसेल तर विद्यापीठाची कलिनाची लायब्ररी आहे. आठवड्याला एक पेपर वाचायचा आणि त्यावर स्वतःच्या शब्दांत, हवं तर मराठीत, अर्धं पान लिहायचं, अशी सवय एसवायपासून लावलीत तर चौथ्या वर्षी रिव्ह्यू लिहिताना घाम फुटणार नाही. इंग्रजीची भीती वाटते म्हणून मागे हटणारी खूप हुशार मुलं मी बघते. पेपरची इंग्रजी ठरलेली असते, तीच तीच वाक्यं फिरून येतात, दहा-बारा पेपर झाले की ती आपली वाटायला लागते. त्यासाठी ऑनर्स सोडू नका, कृपा करून. आणि आविष्कार ही संशोधनाची स्पर्धा असते विद्यापीठाची, २००६ पासून राज्यपातळीवर चालते, त्यात एसवायला एकदा पोस्टर लावून बघा, परीक्षक समोर उभे राहून प्रश्न विचारतात तेव्हा आपल्याला आपलं काम किती कळलंय ते कळतं.

घरची बाजू. तिवरावर काम करणाऱ्या त्या मुलीची आई मला भेटायला आली होती. भिवंडीला गोडाऊनमध्ये नवरा कामाला, धाकटा मुलगा दहावीला. तिने सरळ विचारलं, "बाई, हिच्याबरोबरच्या पोरी पंधरा-पंधरा हजारावर लागतील आता. ही अजून एक वर्ष शिकून काय वेगळं होणार?" मला हा प्रश्न अगदी योग्य वाटला. शिक्षण चांगलं असतं वगैरे बोलून अशा बाईला परत पाठवणं बरोबर नाही. मी तिला बोटावर मोजून दाखवलं. मुलगी एमएस्सी करणारच असेल तर तीन अधिक दोन पाच वर्षं, आणि चार अधिक एक पण पाचच, कारण चार वर्षांच्या ऑनर्सनंतर मास्टर्स एका वर्षाचं करता येतं. म्हणजे वर्ष वाया जात नाही. शिवाय चार वर्षांत ७५ टक्के असतील तर मास्टर्स न करता पीएचडीच्या प्रवेशाला बसता येतं, मागासवर्गीय आणि दिव्यांग विद्यार्थ्यांना त्यात पाच टक्के सवलत आहे, आणि २०२४ पासून नेट, म्हणजे प्राध्यापकी आणि संशोधनासाठीची परीक्षा, पण देता येते. पण पुढे शिकायचंच नसेल, बँकेच्या परीक्षा, एमपीएससी, रेल्वे असं डोक्यात असेल, तर तीन वर्षांची डिग्री पुरते, चौथ्या वर्षाची काही गरज नाही, आणि तसं सांगायला मला जराही कमीपणा वाटत नाही. आईने सगळं ऐकून घेतलं, म्हणाली हिच्या बापाशी बोलते. पुढे त्यांचं ठरलं की मुलगी चौथं वर्ष करेल आणि शनिवार-रविवार क्लासमध्ये आठवी-नववीला सायन्स शिकवेल.

पार्टटाईम काम करणाऱ्या मुलांबद्दल इथे एक सांगते. काम करा, पण प्रोजेक्टचं वर्ष असेल तर संध्याकाळी ठराविक वेळेला संपणारं काम बघा. डिलिव्हरीचं किंवा नाईट शिफ्टचं काम घेऊन लॅब करणारी मुलं मी बघितलीत, डोळे मिटत असतात आणि पिपेट हातात असतं. ते धोक्याचं आहे, ॲसिटोनसारख्या गोष्टी हाताळायच्या असतात. कॉलेजात कमवा आणि शिका योजना असेल तर आधी तिथे अर्ज करा, महाडीबीटीचा शिष्यवृत्तीचा फॉर्म वेळेत भरा, आणि पैशाची अडचण असेल तर मेंटॉरला सांगा. लाज वाटून गप्प बसलेली मुलं मधेच गळतात, आणि आम्हाला कळतं तेव्हा परीक्षा झालेली असते.

ज्यांचे ७५ टक्के नाही झाले त्यांच्याबद्दल. तुम्हाला साधं ऑनर्स करता येतं, आणि ते कमी दर्जाचं अजिबात नाही, १६० च्या वरचेच क्रेडिट, विषय जास्त खोलात शिकायला मिळतो, त्यानंतर एका वर्षाचं मास्टर्स पण आहे. मला तर वाटतं काही मुलांना तीच वाट जास्त योग्य असते, ज्यांना शिकायला आवडतं पण एकच प्रश्न घेऊन वर्षभर बसणं नको वाटतं. ७.३ आलेल्या एका मुलाने माझ्यासमोर डोळ्यात पाणी आणलं होतं, त्याला वाटत होतं सगळं संपलं. त्याने एफवायचे चार पेपर हलक्यात घेतले होते, बाकी तो माझ्या वर्गातला सगळ्यात चांगले प्रश्न विचारणारा मुलगा. त्याला मी साध्या ऑनर्सला जायला सांगितलंय, आणि मास्टर्सला प्रोजेक्ट करायला मिळतोच, तिथे कर म्हटलं.

आणि ज्यांना आत्ता थांबायचंय, घरी कोणी आजारी आहे, लग्न ठरलंय, पैसे नाहीत, त्यांनी न सांगता गायब होऊ नका. रीतसर एक्झिट घ्या. पहिल्या वर्षानंतर सर्टिफिकेट, दुसऱ्यानंतर डिप्लोमा, त्यासाठी उन्हाळ्यात चार क्रेडिटचं जास्तीचं काम करावं लागतं, तीन वर्षांनंतर डिग्री. यूजीसीच्या आराखड्यात सर्टिफिकेट किंवा डिप्लोमा घेऊन बाहेर पडलेल्यांना तीन वर्षांच्या आत परत येता येतं आणि एकूण सात वर्षांत डिग्री पूर्ण करायची मुभा आहे, तुमचे मिळवलेले क्रेडिट बँकेत तसेच राहतात. फक्त बाहेर पडताना ऑफिसमधून सगळ्या मार्कशीटा, क्रेडिट जमा झाल्याचं पान, आणि एक्झिटचं पत्र सही-शिक्क्यानिशी घ्या आणि त्याची एक झेरॉक्स मेंटॉरकडे ठेवा.